ताईची पहिली भाषा

आजारपणात बाबांची वाचा गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून एखादं अक्षर निघालं तर निघालं. धाकट्या लेकीने त्यांच्या टॅबवर बोलणारं ॲप घालून दिलं. बटण दाबलं की ते बातम्या सांगितल्यासारखं म्हणायचं, "कृपया मला पाणी द्यावे." जन्मभर छापखान्यातल्या खडखडाटावर आवाज चढवून बोललेले बाबा. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि टॅब उशीखाली कोंबला.

बाबांजवळ थोरली राहायची. घराखालीच तिचं शिवणकामाचं दुकान होतं. धाकटी दुसऱ्या शहरात प्रोग्रामर. एके दिवशी ताईने तिला फोन केला.

"चिमे, मला प्रोग्रामिंग शिकायचंय."

"तुला? अगं, मी देते ना करून."

"आज देशील. उद्या बाबांना एखादा शब्द बदलून हवा असला तर? दर वेळी तुझ्या मागे लागू? तू फक्त भाषा सांग आणि पुस्तक सांग."

धाकटीला भरून आलं. त्या भरात तिने आपलं कॉलेजातलं सी भाषेचं जाडजूड पुस्तक पाठवून दिलं. वर बजावलं, "पाया पक्का हवा हं."

त्यानंतर कधीही विचारलं की ताई "चाललंय" एवढंच म्हणायची. सुट्टीत धाकटी घरी आली तेव्हा पुस्तक शिलाई मशीनशेजारी होतं आणि खुणेची चिंधी पॉइंटरच्या धड्यात अडकलेली होती.

"इथेच थांबलीस?"

ताईने कात्री खाली ठेवली. "रोज बसते गं. मेमरीत कुठल्या पत्त्यावर काय ठेवलंय ते वाचते आणि डोकं गरगरतं. वाटलं, आपलं वय झालं. तू एवढ्या हौसेने पाठवलंस, सांगू कुठल्या तोंडाने?"

धाकटीचा चेहरा उतरला. लहानपणी याच ताईने तिला शिवण शिकवताना आधी उशीचा साधा अभ्रा शिवायला दिला होता. वाकडातिकडा झाला, तरी तोच डोक्याखाली घेऊन ती झोपली होती.

"वयबिय काही नाही. पुस्तक मी चुकीचं दिलं. ऊठ, दुसरं घेऊन येऊ."

पुस्तकांच्या दुकानात दोघी फरशीवरच फतकल मारून बसल्या. धाकटी आधी पायथन भाषेच्या पुस्तकांकडे वळली, मग थबकली. बाबांना हवी होती बटणं आणि आवाज, तेही टॅबवरच्या ब्राउझरमध्ये.

"जावास्क्रिप्ट घेऊ. ऑफिसात मी हिला नावं ठेवते, पण तुझ्या कामाची हीच."

"तू नावं कशाला ठेवत नाहीस?"

"पुरे हं! पहिला धडा वाच. वाचून हाताने काही करावंसं वाटलं तरच घ्यायचं."

एका पुस्तकात संगणकाचा इतिहासच संपेना. दुसरं ताईने लगेच मिटलं. "हा पहिल्या पानापासून खेकसतोय माझ्यावर." शेवटी एका बारक्या पुस्तकात ती गुंगली. पहिल्याच धड्यात एक बटण करायचं होतं, दाबलं की रंग बदलणारं.

मग फोन सुरू झाले. "चिमे, बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही!"

"लाल अक्षरात काय आलंय?"

"कंस उघडा राहिलाय म्हणे. अगबाई, खरंच की!"

ताईने बाबांसारखा घोगरा आवाज काढून वाक्यं भरली. "चहा आण गं!" "कटकट नको!" बाबांनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग दिवसभर ताईने काही बोलायचा अवकाश, की "कटकट नको!"

पुढच्या खेपेला धाकटी परत जायला निघाली तेव्हा बाबांचं बोट टॅबवर फिरत राहिलं. हवं ते सापडेना. "ब... ब..."

"बस? पुरे म्हणता?"

बाबांनी वैतागून मान हलवली आणि पलंगावर थाप मारली.

"अगं, तुला बस म्हणतायत," ताई म्हणाली. "थांबा बाबा, घालते."

धाकटीचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. तिने तो मागे घेतला. ताई दोन बोटांनी टाइप करत होती, ओठ हलवत, प्रत्येक कंस मिटलाय ना ते बघत. मग आवाज भरून तिने टॅब बाबांपुढे धरला.

बाबांनी नवं बटण दाबलं. "बस जरा."

धाकटीने खांद्यावरची बॅग उतरवली आणि बाबांच्या पायांशी बसली. गाडी गेली. दुसऱ्या गाडीने जाता येणार होतं.