ढिला फुगा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लपवली. मी फुगेवाला आहे. तीस वर्षं झाली या धंद्याला. वाढदिवस, लग्नं, दुकानांची उद्घाटनं, कुठेही बोलवा, कमान उभी करून देतो. आणि या तीस वर्षांत माझ्या हातून एकही ढिला फुगा बाहेर गेलेला नाही. फुगा कसा टणटणीत पाहिजे, टिचकी मारली की वाजला पाहिजे. सुरकुतलेले, मरगळलेले फुगे लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांना मी तोंडावर सुनावतो. त्यामुळे धंद्यात मला फारसे मित्र नाहीत.

माझी ताई शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही एकाच घरात, एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो. ती पुढे जात राहिली आणि मी नववीत दोनदा आपटलो. मग पुस्तकांना रामराम ठोकला तो कायमचाच.

तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर वातावरणाच्या थरांचा एक तक्ता आहे. खाली हिरवी जमीन, तिच्यावर निळा पट्टा, मग पिवळा, मग तांबडा, मग जांभळा. एकेक पट्टा वीतभर रुंद. एकतीस वर्षं ताई त्या तक्त्यावर छडी ठेवून शिकवत आली. वर जावं तसं आभाळ गडद होत जातं आणि शेवटी भरदिवसा काळं दिसतं, हेही दरवर्षी सांगत आली. या वर्षी दहावीतली एक चष्मेवाली उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बघितलंय का?"

ताई म्हणाली, "नाही." त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"धाकट्या, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी बघितलेलं शिकवतेय रे."

"मग काय झालं? सगळेच तसंच शिकवतात."

"मला बघायचंय," ती म्हणाली. "निवृत्त व्हायच्या आत. त्या पोरीला तोंड वर करून हो म्हणायचंय."

महिनाअखेरच्या शनिवारी तिचा शेवटचा दिवस होता. हातात पाच आठवडे. तेवढ्यात तिने हवामान खात्यात वापरतात तसला मोठा रबरी फुगा मिळवला. थर्माकोलची पेटी, तिच्यात एक कॅमेरा, उंची, तापमान आणि ठावठिकाणा रेडिओवरून कळवत राहणारं एक यंत्र, आणि उतरताना पेटी आपटू नये म्हणून छत्री, असं सगळं दहावीच्या मुलींनी जोडलं. विमानतळवाल्यांनी परवानगी दिली ती शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दहा ते अकरा, एवढीच. फुगा एक, गुरुवार एक. बिघडलं तर पुन्हा नाही. गॅस भरायला अर्थातच मी. मी माझे दोन सिलिंडर टेम्पोत टाकले आणि ऐटीत शाळेच्या मैदानावर हजर झालो.

पहिला खटका हातमोज्यांवरून उडाला. ताई म्हणाली, "हातमोजे घाल. हाताचा तेलकटपणा रबराला लागला तर तिथून फाटतो." तीस वर्षं फुगे हाताळणाऱ्या माणसाला हातमोजे! घातले बापडे. दुसरा खटका पाण्याच्या डब्यावरून. तिने एका डब्यात मोजून पाणी भरलं होतं आणि तो डबा फुग्याच्या मानेला दोरीने बांधला होता.

"नीट ऐक. फुग्याने हा डबा जमिनीवरून उचलला, की कॉक बंद. त्याच्यावर एक फुंकरही नाही. कळलं?"

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

भरायला लागलो. रबर हळूहळू उठलं, माणसाहून उंच झालं, आणि डबा जमिनीवरून दोन बोटं वर आला. मी कॉक बंद केला आणि फुग्याकडे बघितलं. अरे देवा! वर थोडीशी गोलाई, खाली सगळं लोंबतं, मधे घड्या. उपाशी म्हशीच्या पोटासारखा दिसत होता. एवढ्यात ऑफिसातून निरोप आला की विमानतळाचा फोन आहे. ताई गेली. मुली पेटी आणायला प्रयोगशाळेत गेल्या. आणि नेमके तेव्हाच खेळाचे मास्तर तिथून चालले होते.

"काय हो फुगेवाले," ते म्हणाले, "गॅस संपला वाटतं?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, मला माहीत आहे. पण माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, ताई पुस्तकातली बाई, तिला फुग्यातलं काय कळतंय. डब्याच्या दोरीवर पाय दिला आणि कॉक उघडला. पहिला सिलिंडर संपवला, दुसऱ्यातलाही थोडा सोडला. घड्या गेल्या. फुगा गोल झाला, तुकतुकीत झाला, दोरीला हिसके देऊ लागला. मान घट्ट बांधली. खेळाच्या मास्तरांनी भुवया उंचावल्या, तेव्हा कुठे माझा आत्मा शांत झाला.

ताई परत आली ती घाईतच. "दहा मिनिटांत सोडा म्हणतायत." फुग्याकडे बघून ती क्षणभर थांबली. "जास्त ओढतोय का रे?"

"वारा आहे," मी म्हणालो.

मुलींनी डबा काढून पेटी बांधली, उलटे आकडे मोजले आणि सोडला. काय सुटला म्हणून सांगू! बघता बघता लिंबाएवढा झाला आणि निळ्यात दिसेनासा झाला. मुली नाचत होत्या, मीही टाळ्या पिटल्या. मग ताई त्यांना म्हणाली, "आता गंमत ऐका. आपल्या डोक्यावर हवेचं ओझं आहे. वर जावं तसं ते कमी होतं. बाहेरून दाबणारं कुणी उरत नाही, म्हणून आतला गॅस पसरत जातो. तीस किलोमीटरवर हा फुगा आपल्या वर्गाएवढा होईल आणि मग फुटेल. म्हणून तो खाली ढिला ठेवायचा. त्याला फुगायला जागा ठेवायची. खालीच गच्च भरला तर वाटेतच फुटतो."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण मुली हसत होत्या, ताईच्या डोळ्यांत मी कधी न बघितलेली चमक होती. मी मूग गिळून त्यांच्यामागून प्रयोगशाळेत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

लॅपटॉपवर आकडे येत होते. चष्मेवाली वाचून दाखवत होती.

"पाच हजार पाचशे मीटर. उणे पाच."

"निम्मी हवा आता फुग्याच्या खाली राहिली," ताई म्हणाली.

मी चमकलोच. पाच-साडेपाच किलोमीटर म्हणजे किती? माझ्या घरापासून या शाळेपर्यंत. सकाळी टेम्पोने आलो तेवढं अंतर, फक्त उभं. तेवढ्यात निम्मी हवा संपते? मला वाटायचं वर हवाच हवा आहे, कुठे संपतच नाही. क्षणभर मी माझं पाप विसरलो.

"नऊ हजार. उणे तीस."

"जगातला सगळ्यात उंच डोंगर आता खाली."

"बारा हजार. उणे बावन्न."

"मोठी विमानं साधारण इथून जातात. ढगही आता बहुतेक सगळे खाली."

प्रत्येक आकड्याला माझं एक मन म्हणे वा, आणि दुसरं म्हणे आता फुटणार. रबर ताणत चाललं असेल, हे जगात माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. फुगा फुटायच्या आधी कसा पारदर्शक होत जातो, ते मी हजारदा बघितलंय. बाकाची कड मी इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

"सोळा हजार. उणे चौऱ्याहत्तर. सतरा हजार, उणे चौऱ्याहत्तर. अठरा हजार, उणे सत्तर." चष्मेवाली ओरडली, "बाई, यंत्र बिघडलं! वर जातोय आणि गरम होतंय!"

ताई उभी राहिली. तिने तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "बिघडलं नाही गं. दुसऱ्या थरात शिरला तो. तिथे ओझोन आहे. उन्हातला घातक भाग तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि हवा तापवतो. आपल्यासाठीच." आणि ती तक्त्यावरच्या निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांमधल्या रेघेकडे बघत राहिली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? आमच्या हातातून सुटलेली वस्तू त्या रेघेपलीकडे गेली होती.

वीस. बावीस. चोवीस. मी मनातल्या मनात फुग्याच्या हातापाया पडत होतो.

"पंचवीस हजार एकशे... बाई, उतरायला लागला."

"फुटला," ताई म्हणाली. बस, एवढंच. तीसपैकी पाच किलोमीटर मी खाल्ले होते.

पेटी दुपारी एका वीटभट्टीमागे सापडली, विटांच्या ढिगावर छत्री पसरून बसलेली. मी टेम्पो इतका जपून चालवला की मागच्या गाड्या शिव्या देत होत्या. कॅमेरा थंडीने वाटेतच बंद पडला असेल तर? काळं आभाळ पंचवीसच्या वरच सुरू होत असेल तर? ताईला विचारायची हिंमत नव्हती.

प्रयोगशाळेत मुलींनी चित्रं लावली. शाळेचं छत. शहर. ढगांची वरची बाजू, पांढरीशुभ्र, उन्हात न्हालेली. मग निळा रंग गडद होत गेला. आणखी गडद. आणि मग एक चित्र आलं. खाली उन्हात झगझगणारी जमीन आणि ढग, जरासा वाकलेला कडेचा भाग, त्याच्यावर एक निळी कड, आणि तिच्यावर काळं. सकाळी अकराच्या सुमाराला, सूर्य डोक्यावर चढत असताना, काळंकुट्ट आभाळ.

ताई पडद्याजवळ गेली आणि त्या निळ्या कडेवर तिने बोट ठेवलं. बोटाखाली ती सगळी झाकली गेली.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच आहे हे?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धाकट्या, मी तक्त्यावर वीत-वीत जाडीचे पट्टे दाखवले रे. एकतीस वर्षं. आणि हे तर असं नाजूक आहे."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "ताई, फुगा मी गच्च भरला होता. तू फोनवर गेलीस तेव्हा. तो तीसवर गेला असता."

ताईने डोळे पुसले. "माहितेय."

"कधीपासून?"

"लॅपटॉपवर पहिले दोन आकडे आले तेव्हाच. सेकंदाला पाच मीटर चढायला हवा होता, हा गडी आठने चढत होता. मी गणितही शिकवते, विसरलास?"

"मग बोलली का नाहीस?"

"ओरडले असते तर फुगा खाली आला असता का?" मुली खुसखुसल्या. ताई पुन्हा पडद्याकडे वळली. "तीसवर कड आणखी वाकलेली दिसली असती. ते राहून गेलं. राग आला होता मला, खूप आला होता. पण हे बघ ना."

मी बघत होतो. ती निळी कड मला कशाची तरी आठवण करून देत होती. मी खिशात हात घातला. माझ्या खिशात कोरे फुगे कायमच असतात. एक काढला, बोटांत धरला आणि भीतभीतच विचारलं, "ताई, पृथ्वी माझ्या नेहमीच्या मोठ्या फुग्याएवढी असती, म्हणजे फूटभर, तर ढग-पाऊस-वारा असलेला तो पहिला थर केवढा जाड झाला असता?"

तिने खडू घेतला. भागाकार केला. पुन्हा केला. "जगभराची सरासरी बारा किलोमीटर धरली, तर पाव मिलिमीटरच्या जरासा वर."

"कोऱ्या फुग्याचं रबर पाव मिलिमीटरच असतं," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे बघतच राहिली. नववीत दोनदा नापास झालेल्या माणसाकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

शनिवारी तिचा शेवटचा तास होता. तिने मला मुद्दाम बोलावलं. प्रत्येक मुलीच्या हातात मी एकेक कोरा फुगा दिला. "चिमटीत धरा," ताई म्हणाली. "आजवर पडलेला सगळा पाऊस, झालेली सगळी वादळं, श्वास घेणारं प्रत्येक माणूस आणि जनावर, या एवढ्या जाडीच्या आत." मुलींनी फुगे असे जपून धरले की मला एकदम भरून आलं. मग ताईने एक निळा फुगा माझ्यापुढे केला. "भर."

तीस वर्षांत मी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. "किती भरू, ताई?"

"थोडी जागा ठेव," ती म्हणाली.

मी ठेवली. ढिला, किंचित सुरकुतलेला फुगा भर वर्गात तिच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. घंटा व्हायला दोन मिनिटं होती. चष्मेवालीने हात वर केला. उत्तर तिला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं. तरी ती नीट उभी राहिली.

"बाई, तुम्ही हे बघितलंय का?"

"हो," ताई म्हणाली. "बघितलंय."