रश्श्यावरची चकाकी

"माणसाच्या जिभेला कुणीही फसवतं. कानाला तर शेजारचं पोरगंसुद्धा फसवतं. पण तयार डोळ्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं छटारावांनी रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. जाहीर करताना त्यांनी स्वेटर उलटा घातला होता आणि मानेपाशी धुलाईच्या सूचनांची पट्टी डोलत होती. बायकोनं ती पाहिली. मग बत्तीस वर्षांच्या संसारात अंगवळणी पडलेली गोष्ट तिनं केली, म्हणजे नजर वळवून कांद्यांची पिशवी स्टुलावर ठेवली.

छटाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका रंगाच्या दुकानात छटा जुळवायला होते. गिऱ्हाईक भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणायचं, छटाराव तो टवका दाराशी उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि पांढऱ्या डब्यात दोन थेंब काळा, थेंबभर पिवळा टाकून हुबेहूब तोच रंग हातात द्यायचे. पुढे दुकानात हेच काम करणारं यंत्र आलं. मालकांनी छटारावांना भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं. घड्याळ मागे पडायचं, पण रंगानं चांगलं होतं.

त्या रविवारी लेक जेवायला येणार होती. लेक आईबापांकडे जेवायला येते यात कसलं आलंय कौतुक, असं कुणी म्हणेल. कौतुक असं, की आठ महिन्यांत ती दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायली होती.

झालं होतं असं. लेक व्हीगन झाली होती. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, दुधाचं काही नाही, मधसुद्धा नाही. "मग राहिलं काय? हवा? ती तरी गाळून घेतेस का?" असे विनोद छटारावांनी महिनाभर केले. लेक हसली नाही, म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. तिच्या वाटीतल्या सूपमध्ये गुपचूप लोण्याचा गोळा विरघळवला, वाटी चाटूनपुसून साफ होईपर्यंत थांबले आणि मग टाळी वाजवली. "बघ! कळलं का तरी? लोणी होतं त्यात!"

त्यांना वाटलं होतं, ती आता तरी हसेल. लेकीनं चमचा खाली ठेवला. "बाबा, लोण्याचं सोडा," ती म्हणाली. "यापुढे तुमच्या हातचं काही खायचं म्हटलं, की मला आधी विचार करावा लागेल." आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून घरात अशी शांतता पसरली, की फ्रिज सुरू झाला तरी दोघं दचकायची.

माफी मागणं छटारावांना जमण्यातलं नव्हतं. त्या छटेचा डबाच त्यांच्या दुकानात नव्हता. त्यांनी दुसरा रस्ता धरला. बायकोला म्हणाले, "मी शिकतो. तिच्या पद्धतीचं, माझ्या हातानं. साठाव्या दिवशी तिला बोलवायचं."

"आणि तोवर?"

"तोवर घरात तेच शिजेल. आपण दोघांनी तेच खायचं."

बायकोनं देवाचं नाव घेतलं नाही, पण वर मात्र पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी घेवड्याचे दाणे न भिजवताच शिजत टाकले. तीन तास उकळूनही ते सदऱ्याला बटणं म्हणून लावता आले असते. शेजारचे टपालवाले, म्हणजे निवृत्त पोस्टमन, वास घेत आले आणि एक घास खाऊन म्हणाले, "दात माझे नाहीत म्हणून वाचलो, छटाराव. गेले तर दवाखान्याचे गेले!"

हळूहळू हात बसत गेला. घेवडा आदल्या दिवशीच भिजवायचा. कांद्याला घाई करायची नाही. टोमॅटोनं तेल सोडेपर्यंत धीर धरायचा. शेंगदाणे भाजून कुटून घातले, की रस्सा दाट होतो आणि पोटाला आधार मिळतो. पसाभर घेवडा, चार कांदे, तीन टोमॅटो आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर चार माणसं तृप्त होऊन उठावीत. एका कोंबडीच्या पैशात आठवडा निघावा. हे सगळं छटारावांनी दुकानातल्या सवयीनं वहीत उतरवलं. "कांदा: बदामी चालणार नाही. जुन्या दाराच्या पॉलिशइतका व्हावा." "टोमॅटो: विटेचा रंग, पावसात भिजलेल्या."

चव मात्र शिजताना ते कधीच घेत नसत. रंगाच्या दुकानात बोट तोंडात घालणारा संध्याकाळी डॉक्टरकडे असतो. चौतीस वर्षांची शिस्त ती. रंग जुळला की काम झालं.

पण आठव्या दिवसापर्यंत रस्सा ताटात पडला की भिंतीसारखा कोरडा चेहरा करून बसायचा. नवव्या दिवशी छटारावांनी वही मिटली. "आपल्याच्यानं नाही व्हायचं हे," एवढंच म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. पाच मिनिटांनी परत येऊन पाहतात तो काय, रश्श्यावर चकाकी! ताज्या ऑइलपेंटसारखी. जेवायला बसल्यावर चवही अशी, की ते बोटं चाटत राहिले. टपालवाले तर तिसऱ्यांदा वाढून घेताना गहिवरले.

छटारावांनी शास्त्र मांडलं. "नववा दिवस. चकाकी आली. कारण: रस्सा डावीकडून उजवीकडे चाळीस वेळा ढवळला, मग झाकून पाच मिनिटं एकटा सोडला. रश्श्याला एकांत लागतो." तेव्हापासून ते रोज चाळीस वेळा ढवळायचे, झाकण ठेवायचे आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसायचे. त्या पाच मिनिटांत स्वयंपाकघरात चिटपाखरू नसायचं. बायको असायची, पण तिला त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

तर त्या रविवारी त्यांनी चाळीस वेळा ढवळलं, झाकण ठेवलं, बाहेर बसले, आत आले. चकाकी नाही. पुन्हा ढवळलं. या वेळी साठ वेळा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. रस्सा मख्ख.

"अहो, बसा आता. येईलच ती."

"चकाकी कशी येत नाही? हवा दमट आहे का?"

"हवेचं काही नाही."

"मग?"

बायकोनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "आज टाकलं नाही मी."

"काय टाकलं नाहीस?"

"लोणी."

छटाराव स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की स्टुलावर कांद्यांची पिशवी होती, पण ते उठले नाहीत.

"कधीपासून?"

"नवव्या दिवसापासून."

"एक्कावन्न दिवस!"

"एकोणपन्नास. दोनदा संपलं होतं."

छटारावांनी वही उघडली. त्या दोन दिवशी त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "हवा दमट. चकाकी नाही."

"अगं, पण घरात लोणी नव्हतंच! फ्रिज मी रोज पाहायचो."

"म्हणून तर टपालवाल्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. तुम्ही बाहेर बसलात, की ते मागच्या दारानं आणून द्यायचे."

म्हणजे गहिवरले होते ते यावर! ज्या माणसाला तिसऱ्यांदा वाढलं, त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि केसही लोण्यात बुडवून. "सगळ्या गल्लीला माहीत असेल," छटाराव म्हणाले.

"सगळ्या नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याला नाही सांगितलं."

"मला, ज्याच्या डोळ्याला..." ते थांबले. पुढचं वाक्य सकाळीच वापरून झालं होतं. "माझ्या घरात, माझ्या बायकोनं, माझ्याच भांड्यात!"

"हो, हो," बायको म्हणाली. तिचाही आवाज आता चढला. "तुम्ही वही मिटून बसला होतात. तुम्ही सोडलं असतंत, तर तिला बोलावलं असतंत का? माझी लेक आठ महिने या घरात जेवली नाही, अहो. मी काय करायला हवं होतं? आणि एक सांगते. तुम्ही तिला लोणी घातलंत तेव्हा टाळी वाजवलीत. मी निदान टाळी तरी वाजवली नाही."

छटारावांनी आयुष्यात पहिल्यांदा शिजत्या भांड्यात चमचा बुडवून तोंडाला लावला. त्या रश्श्यात खोटं काही नव्हतं. खरं म्हणावं असंही फारसं नव्हतं; नुसता सपक.

तेवढ्यात बेल वाजली.

"तिला काही सांगू नका," बायको कुजबुजली. "आज सगळं स्वच्छ आहे. खरंच."

लेक आत आली. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि, छटारावांना झाकणाच्या आकारावरून लगेच कळलं, तिचा स्वतःचा डबा. जवळ ठेवलेला बरा, अशा हिशेबानं आणलेला. ती खुर्चीवर बसली. आईनं भांडं मधोमध ठेवलं, पाव ठेवला. कुणी वाढेना.

छटाराव उभे राहिले. उलट्या स्वेटरातच, पण उभे राहिले.

"हे बघ. या घरात एकोणपन्नास दिवस या रश्श्यात लोणी पडत होतं. मला माहीत नव्हतं. तुझ्या आईला माहीत होतं, टपालवाल्यांना माहीत होतं, शिंपी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी चाटूनपुसून खात होतो आणि वहीत माझीच पाठ थोपटत होतो. आज नाही घातलं, असं तुझी आई म्हणते. पण माझा आता तिच्यावर भरवसा उरला नाही. तुझा माझ्यावर केव्हाच नाही. तेव्हा या टेबलावर कुणी कुणाच्या हातचं खायचं, हे मला काही कळत नाही."

लेकीनं आईकडे पाहिलं. "आई?"

"थेंबभर नाही. माझी शपथ. तुझी घेत नाही, माझीच घेते."

मग लेकीनं बापाकडे पाहिलं. "कसं वाटलं, बाबा? कुणी न विचारता घातलं की?"

छटारावांनी टेबलावरचा पावाचा चुरा एका जागी गोळा केला. "तू आठ महिनेच रुसलीस," ते म्हणाले. "मी असतो तर वर्ष घेतलं असतं." आणि मग, चुऱ्याकडेच बघत, "चुकलं माझं. हसू येईल असं वाटलं होतं मला."

लेकीनं पळी घेतली आणि स्वतःच्या हातानं रस्सा वाढून घेतला. डबा पिशवीतच राहिला. आई तोंडावर हात धरून बसली. मागच्या दाराच्या जाळीपलीकडे टपालवाल्यांचा चष्मा चमकला; त्यांच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती.

लेकीनं पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. छटारावांना वाटलं, साठ दिवस, आठ महिने, चौतीस वर्षं, सगळं त्या चमच्याला टांगलंय. तिनं तिसराही घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि बापाकडे वळून हलकेच म्हणाली,

"बाबा, लिंबू आहे का घरात? अर्धं असलं तरी चालेल."