हवाईसुंदरी नोरीन

नोरीन गेली तेव्हा तिच्या उशाशी वांडा एकटीच होती. लॉस एंजेलिसजवळ रिसीडामधल्या भाड्याच्या घरात दोघी कित्येक वर्षं एकत्र राहत होत्या. त्याआधी दोघींनी ब्ल्यू फिल्ममध्ये कामं केली होती. नोरीनचं तर एके काळी मोठं नाव होतं. व्हिडिओच्या दुकानांत, मागच्या पडद्याआड, तिचा चेहरा असलेल्या कॅसेटी रांगेनं लागलेल्या असत. वय झालं तशी बोलावणी थांबली. ती एका रोपवाटिकेत कामाला लागली, तिथं रमलीही. पण एका गिऱ्हाइकानं ओळखलं आणि मालकानं तिला घरी बसवलं. मग कॅन्सर. शेवटी शेवटी वांडाच तिला भरवायची, न्हाऊ घालायची.

नोरीनचा देह गावी न्यायला नेब्रास्काहून तिची धाकटी बहीण जॉयस आली.

"गावात सगळ्यांना ती हवाईसुंदरी होती असंच माहीत आहे," जॉयस खाली बघत म्हणाली. "आईलासुद्धा. तुम्ही तिचं एवढं केलंत, पण तुम्ही तिथं आलात तर..."

"तर मीही हवाईसुंदरी," वांडा म्हणाली. "त्यात काय अवघड आहे? आयुष्यभर सोंगंच तर केली."

जॉयसला हसू आलं आणि पाठोपाठ रडू फुटलं.

गावी नोरीनला माती दिल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. कुणी हॅम आणलं होतं, कुणी बटाटे भाजून.

"पॅरिस पाहिलंस का गं?" एका मावशीनं वांडाला विचारलं.

"पाहिलं की. विमानतळापुरतं."

"आणि विमानात तसलं जेवण का देता?" एका काकांनी तक्रार मांडली.

"काका, आम्हालाही तेच गिळावं लागायचं!"

लोक हसले. तेवढ्यात पाद्री म्हणाले, "नोरीनबद्दल दोन शब्द बोला ना." जॉयसनं घाईनं वांडाकडे पाहिलं. वांडा उठली.

"नव्या पोरी यायच्या," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पांढऱ्याफटक पडायच्या. आम्ही बाकीच्या हसायचो. नोरीन मात्र शेजारी बसायची, हात धरायची. म्हणायची, नको वाटत असेल तर आत्ताच सांग, मी त्यांच्याशी बोलते, तुला घरी सोडते. दोघीतिघींना तिनं खरंच सोडलं. मलाही विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

एवढं बोलून ती खाली बसली.

नंतर नोरीनची आई बशा धुवायला उभी राहिली. वांडा पुसायला गेली. म्हातारी एकेक बशी तिच्या हातात देत होती. मग नळ बंद करून तिनं विचारलं, "आणि तिच्या पहिल्या दिवशी? तिचा हात कुणी धरला?"

कुणीच नाही. नोरीननं एकदा सांगितलं होतं. चॅट्सवर्थमधलं कुणाचं तरी घर शूटिंगसाठी घेतलं होतं, ती वीस वर्षांची होती, बाथरूममध्ये रडत बसली होती. बाहेरून कुणी तरी दार ठोकत होतं, आटप लवकर, उजेड जातोय म्हणून.

"होती एक बाई," वांडा म्हणाली. "फार मायाळू."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला. पण तिचे खांदे हलत होते.

वांडा रिसीडाला परतली. नोरीनचे कपडे अजून तिनं कपाटातून काढलेले नाहीत. दर रविवारी म्हातारीचा फोन येतो. गुडघे दुखतात, बर्फ पडलं, एवढंच बोलणं. विमानांचा विषय ती कधी काढत नाही.