नर्सचा हुकलेला फटका

स्टंटवालीने पाइप फिरवला आणि समोरच्या गादीच्या बरोब्बर मधोमध हाणला. गादी भिंतीवर जाऊन आदळली.

"अहो ताई, राक्षस मेला की!" निर्माता म्हणाला. "तो मरायला नकोय."

अंगावर चिकटवलेले चकाकते ठिपके सावरत ती पुन्हा जागेवर गेली. ते ठिपके तिची हालचाल टिपत होते आणि संगणक ती व्हिडिओ गेममधल्या नर्सला देणार होता. बंद इस्पितळात अडकलेली, हातात पाइप धरलेली नर्स. पहिल्या भागात तिचे फटके धड लागायचे नाहीत. तेव्हा खेळणाऱ्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली होती. आता दुसरा भाग येतोय म्हटल्यावर त्याच मंडळींनी बजावलं होतं :

बाईला पैलवान कराल तर याद राखा.

तिला मारता येत नव्हतं, म्हणून तर आपली फाटायची.

तोच फटका हवा. तोच.

अर्धं आयुष्य नेमका फटका शिकण्यात घालवलेल्या बाईने धांदरटपणा आणायचा कुठून? तिने डोळे मिटून मारलं. डाव्या हाताने मारलं. मुद्दाम धडपडली, तर तेही नाचल्यासारखं दिसलं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू," निर्माता म्हणाला. "नाहीतर त्या दुसरीला विचारून ठेवलंय. राग मानू नका."

"राग कसला त्यात?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं हे तिचं पहिलं काम. इथून परत पाठवलं, की पुढचा फोन यायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"जुनं जरा दाखवता का?" तिने डिझायनरला विचारलं. पहिल्या भागापासून खेळातली मारामारी हीच बाई रचत होती.

पडद्यावर चेहरा नव्हता, कपडे नव्हते. ठिपके आणि रेघा जोडून झालेलं एक माणूस.

"कुणी केलं होतं हे?"

"होती एक. पैसे नव्हते तेव्हा. हाताशी असेल ते माणूस."

रेघांच्या माणसाने पाय फाकवले. पाइप उचलला. मारायच्या ऐन क्षणी त्याचा डावा हात पाइपवरून सुटला आणि पोटापुढे आला. कंबर वळलीच नाही. पाइप एकट्या उजव्या हातात भरकटला, हुकला.

पुन्हा तेच. पुन्हा तोच हात.

स्टंटवाली खुर्ची ओढून जवळ बसली. थोरल्याच्या वेळी तीही अशीच कामावर यायची. पडायचं तर पाठीवरच, असं ठरवून.

"कितवा महिना होता तुला?"

डिझायनरचं बोट माउसवर थबकलं. तिने निर्मात्याकडे पाहिलं. तो फोनवर होता.

"सहावा. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं."

"आणि आता?"

"आता सांगितलं तर कंपनी त्याचे टी-शर्ट काढून विकेल." ती हसली नाही. "नर्सची खोली, तिचा पाइप, तिची भीती, सगळं त्यांचं झालंय. एवढं एक राहू दे माझ्याकडे."

स्टंटवाली उठली. गादीसमोर पाय फाकवून उभी राहिली. बराच वेळ तशीच. मग पाइप उचलला. डावा हात आपसूक खाली आला.

फटका गादीच्या कडेला घासून गेला. ती अर्धं पाऊल मागे सरली. थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

"हेच!" निर्माता ओरडला. "ताई, काय जादू केलीत? कॅमेऱ्यासमोर सांगा, लोक वेडे होतील. मग पुढची सगळी कामं तुमचीच, बघा."

डिझायनर पडद्यावरून नजर काढेना.

"काही नाही हो," स्टंटवाली म्हणाली. "दमले."

"दमलात?" निर्मात्याची नजर तिच्या गुडघ्याकडे गेली. "बरं. बसा जरा." तो फोन घेऊन काचेच्या दाराबाहेर गेला.

डिझायनर पाण्याचा पेला घेऊन आली. दोघी गादीवरच टेकल्या.

"आठवीत आहे आता," ती हळूच म्हणाली. "माझा खेळ बघून खिदळते. आई, या बाईला साधं मारता कसं येत नाही गं?"

"मग काय सांगतेस तिला?"

"कंपनीकडे पैसे नव्हते, म्हणते."

स्टंटवालीने पाणी संपवलं आणि रिकामा पेला बाजूला ठेवला. काचेपलीकडे निर्माता अजून फोनवर बोलत होता.