दोन विहिणी, तीन पेट्या

माझ्या लग्नापासून माझी आई आणि माझ्या सासूबाई एकमेकींशी इतक्या अदबीनं वागत आल्या होत्या, की दोघी एका खोलीत असल्या की बाकीच्यांनाही ताठ बसावं लागायचं. "घ्या ना, विहीणबाई." "छे छे, आधी तुम्ही." चहा निवून जायचा, पण कपाला पहिला हात कुणी लावायचं नाही. त्यामुळे या दोघी एकाच मोटारसायकलवर बसून परदेशातल्या डोंगरांत भटकायला निघणार, हे ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याला ठसका लागला.

झालं असं. सासूबाई गुरांच्या डॉक्टर. उभा जन्म त्यांनी मोटारसायकलवरून गोठे पालथे घालण्यात काढला. दवाखाना धाकट्या डॉक्टरच्या हवाली केल्यावर त्यांनी ठरवलं, की आता अशा रस्त्यावर गाडी चालवायची, ज्याच्या शेवटी कुणाची गाय अडलेली नसेल. विमानानं जायचं, तिथे मोठी गाडी भाड्यानं घ्यायची आणि घाटामागून घाट चढायचे. मागच्या सीटवर त्यांची मैत्रीण बसणार होती, पण ऐनवेळी मैत्रिणीचा गुडघा रुसला. हे सगळं त्या आमच्याकडे जेवताना सांगत होत्या. माझ्या आईचं पडद्यांचं दुकान आहे आणि ती त्या दिवशी आमच्या खिडक्यांची मापं घ्यायला आली होती. पाण्याचा पेला खाली ठेवत ती म्हणाली, "मी येते की."

सगळे थांबले. आईसुद्धा थांबली. आपण काय बोललो, हे तिलाही आमच्याबरोबरच कळलं असावं.

"तुम्हाला उगाच त्रास, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या.

"मला कसला त्रास? आता तुमचीच अडचण होणार असेल तर..."

"माझी कसली अडचण!"

एकमेकींना नाही म्हणण्याची सवयच नसल्यामुळे बेत पक्का झाला.

सामान आमच्या घरी बांधायचं ठरलं, नाहीतर कुणी कुणाकडे जायचं यावरच महिना गेला असता. सासूबाईंनी गाडीला लावायच्या तीन पेट्या आणल्या. दोन बाजूच्या, एक मागची. आईनं पेट्यांना पाहताच मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही पेट्यांना खोळी शिवून आणल्या. त्या खोळी पावसात भिजतील म्हणून खोळींनाही खोळी. मग तिनं पिशवीतून घडी घातलेला जाड पडदा काढला.

"अगं आई, पडदा कशाला?" (आमच्याकडे "अगं आई" म्हणजे माझी आई आणि "अहो आई" म्हणजे सासूबाई. नुसतं "आई" म्हटलं की दोघी वळतात.)

"तिकडे म्हणे उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो. मला उजेडात झोप येत नाही."

"आणि ही दांडी?"

"मग पडदा काय हवेत लटकणार?"

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला, पण त्या म्हणाल्या, "छान आहे. रंग फार छान आहे."

त्यांचं स्वतःचं सामान काही कमी नव्हतं. दोरखंड, बॅटरी, सुयांचा डबा आणि खांद्यापर्यंत पोचणारे रबरी हातमोजे.

"आई, तू सुट्टीवर चालली आहेस," नवरा म्हणाला.

"हो, पण वाटेत एखादी सापडली तर?"

"एखादी काय?"

"गाय रे!"

आई हातमोज्यांकडे बघत राहिली. ते पूर्वी कुठे कुठे गेले असतील याचा ती विचार करत होती, हे मला दिसत होतं. पण तीही म्हणाली, "असू द्या, असू द्या. उपयोगी पडतील."

पुढच्या आठवड्यात मी सहज एक पेटी उघडली, तर आत फक्त एक टॉवेल. दुसरीत टॉर्चचे सेल. तिसरीत काहीच नाही. चौकशी केल्यावर कळलं, की विहीणबाईंना जागा व्हावी म्हणून दोघींनी आपापलं सामान गुपचूप काढून घेतलं होतं. मी हे दोघींना सांगितलं आणि चूक केली. कारण मग भरपूर जागा आहे असं समजून दोघींनी सगळं परत आणलं, वर आणखीही आणलं. आईनं बसायला फोमची गादी केली. ती इतकी जाड होती, की तिच्यावर बसल्यावर आई सासूबाईंच्या डोक्यावरून रस्ता पाहू शकली असती.

नवऱ्यानं शेवटी गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, की दोन्ही माणसं आणि सामान मिळून वजनाला मर्यादा आहे, तेव्हा कृपया वजन करून या. घरातला काटा पेट्यांना पुरेना. म्हणून आम्ही सगळे सासूबाईंच्या जुन्या दवाखान्यात गेलो. तिथे मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीला टेकलेला चौकोनी काटा आहे. पेट्यांचं वजन झालं, आता माणसांचं. बाकावर एक गृहस्थ आपल्या गलेलठ्ठ कुत्र्याला घेऊन बसले होते.

"या, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या.

"छे, तुमचा दवाखाना. आधी तुम्ही."

"तुम्ही पाहुण्या."

"तुम्ही डॉक्टर."

वजनाचा आकडा दुसरीला दिसू नये, हे दोघींच्या मनात होतं आणि ते बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "दोघी एकदमच उभ्या राहा." त्या राहिल्या. आकडा स्थिर होईना, कारण दोघीही पोट आत ओढून काट्यावरचा भार हलका करू पाहत होत्या. तेवढ्यात कंटाळलेलं कुत्रं उठलं, काट्यावर जाऊन दोघींच्या पायांत बसलं आणि काही केल्या उठेना.

"हे धरून चालेल का तुम्हाला?" गृहस्थांनी मनापासून विचारलं.

कुत्रं वगळूनसुद्धा चालण्यासारखं नव्हतं. काहीतरी कमी करावं लागणार होतं. काय कमी करायचं, हे मात्र दोघीही एकमेकींना सांगेनात.

मग रंगीत तालीम झाली. रविवारी सकाळी सासूबाईंनी आपली गाडी आमच्या फाटकाशी आणली, पेट्या लावल्या, दांडी बांधली, गादी ठेवली. दोघींनी जाड जॅकेटं घातली, हेल्मेटं घातली. हेल्मेटांत एकमेकींशी बोलायची यंत्रं बसवली होती, ती नवऱ्यानं चालू करून दिली. सासूबाई पुढे बसल्या. आईनं पाय उचलला. तो मागच्या पेटीवर आपटला. दुसऱ्या बाजूनं उचलला, तर दांडीत अडकला. सासूबाई उतरल्या आणि मदतीला आल्या. त्यांच्याकडे मदत करायची एकच पद्धत होती.

"हां... हां... शाबास. काही होत नाही. शांत... आता मागचा पाय." आणि त्यांनी आईच्या कमरेखाली एक थाप दिली.

आई थिजली. "विहीणबाई," ती म्हणाली, "मी गाय नाही."

"नाही नाही, गायीला दोन थापा लागतात," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

आई पाणी पिऊन येते म्हणाली आणि हेल्मेटसकट थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. काच वर केली आणि सुरू झाली.

"तुझी सासू स्वतःला समजते कोण? थापा मारते! आणि ते हातमोजे! मी त्या हातमोज्यांशेजारी माझी उशीची खोळ ठेवायची? लग्नापासून सगळं गोड गोड ऐकून घेतेय. माझ्या पडद्याला छान म्हणाली, पण तोंड बघितलंस? कडू औषध प्यायल्यासारखं!"

मी तिच्या हेल्मेटकडे बोट दाखवत होते. कानाजवळचा निळा दिवा लुकलुकत होता. तिला कळेना. आणि मग एकाएकी ती गप्प झाली. डोळे मोठे झाले. कुणीतरी तिच्या कानात बोलत होतं.

"काय?" आई म्हणाली. मला नाही. "काय म्हणालात?... पडदा? पडद्याचं काय वाकडं आहे?... अहो, तंबू कसा वाटेल, घड्या पडतात त्याला!... मी? मी हळू जेवते?... हळू जेवते म्हणजे तुम्हाला उपाशी ठेवते का?"

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी सासूबाई गाडीवर एकट्याच बसून हातवारे करत होत्या. शेजारी माझा नवरा दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. नंतर आम्ही दोघांनी आपापले अर्धे तुकडे जोडून पाहिले, तेव्हा कळलं, की लग्नातल्या बसायच्या जागांपासून सगळं निघालं होतं. सासर-माहेर, देणंघेणं यांतलं काही नाही. आईला पंख्याखालची खुर्ची दिली गेली नव्हती. सासूबाईंना वाटत होतं, आई त्यांच्या कपड्यांचा वास घेते. (घेते. कापडाचा प्रत्येक तुकडा ती हुंगून बघते.) सासूबाईंना आईचा चहा आवडत नव्हता आणि इतकी वर्षं त्या दोन कप मागून घेत होत्या.

"दोन कप!" आई ओरडली. "मग सांगायचं नाही का, बाई? मी तुझ्यासाठी मुद्दाम जास्त साखर घालत होते!"

तुझ्यासाठी. ते मी ऐकलं, आणि बहुतेक बाहेरही ऐकू गेलं, कारण सासूबाईंचे हातवारे थांबले. मग आईच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतेय. मी तिच्या हेल्मेटमध्ये वाकून पाहिलं, तर ती हसत होती. इतकी हसत होती, की काचेवर वाफ धरली होती. फाटकाकडून सासूबाईंचं खिंकाळल्यासारखं हसू यंत्राशिवायही आत पोचत होतं.

आई बाहेर गेली. "उतर खाली," ती सासूबाईंना म्हणाली. "आधी ते हातमोजे काढ."

"तू आधी दांडी काढ."

उरलेली सकाळ आमच्या अंगणात नुसती फेकाफेक चालली होती. "हे कशाला?" "तुझं तरी ते कशाला?" दोरखंड गेला, खोळींच्या खोळी गेल्या, गादी निम्मी कापली. पडद्यावर मात्र घासाघीस झाली आणि अखेर त्याच्यातून डोळ्यांवर बांधायच्या दोन पट्ट्या निघाल्या. सासूबाईंनाही उजेडात झोप येत नव्हती, हे त्या दिवशी कळलं. मागच्या पेटीचं सामान उरलंच नाही. ती पेटीच काढून टाकली, आणि मग आईचा पाय एका झटक्यात पलीकडे गेला. अदबीनं जे महिनाभर जमलं नव्हतं, ते भांडून दुपारच्या जेवणाआधी झालं.

दोघी गेल्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त "पोचलो", "पाऊस आहे", "रस्ता चुकलो, मजा आली" एवढंच. मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा आवाज तरुण मुलीसारखा चढलेला होता.

"मी चालवली!"

"काय चालवलीस?"

"मोटारसायकल! आम्ही उतरलोय तिथे मागे मोठं मोकळं मैदान आहे. पहिल्या गिअरमध्ये, गोल गोल. ही शेजारून पळत होती."

माझ्या नवऱ्यानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "आई कुठे आहे? तिला द्या आधी!"

सासूबाई फोनवर आल्या. धापा टाकत होत्या. "काळजी करू नकोस रे. हात चांगला आहे तिचा. फक्त डावीकडेच वळते. उजवीकडचं उद्या शिकवते, आज दमले मी." मागून आई काहीतरी ओरडली. "आणि थांबायचं कसं, तेही उद्याच," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.