तिसावे नाव

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी सायकली बनल्या, पण बाईंनी दुकानात सगळ्यांच्या घंट्या वाजवून पाहिल्या आणि मलाच घेतले.

बाई पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. त्यांचे यजमान त्याच शाळेचे मुख्याध्यापक. आम्ही फाटकात शिरलो की मुले माझ्या टोपलीतल्या वह्या उचलायला धावत. दर रविवारी माझ्या चेनला तेल मिळे.

मग बाई गेल्या. सरांनी मला जिन्याखाली उभे केले आणि वर चादर टाकली. दोन वर्षे मी तिथेच गंजत राहिले. त्याच काळात रस्त्यापलीकडे नवी शाळा निघाली. तिची पिवळी बस दारात यायची. पालकांनी हवी ती शाळा निवडावी आणि तीसपेक्षा कमी मुलांची शाळा बंद व्हावी, असा नियम झाला. आमच्याकडे एकोणतीस नावे होती आणि नाव नोंदवायला एकच दिवस उरला होता.

त्या सकाळी सरांनी चादर काढली, चाकांत हवा भरली आणि माझ्यावर बसून तिसावे मूल शोधायला निघाले. त्यांचे गुडघे हँडलला लागत होते, लोक हसत होते, आणि मी खुशीत करकरत होते.

शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या दारी आम्ही थांबलो. कोणती शाळा चांगली, असे तिने विचारले. सर नव्या शाळेचेच कौतुक करू लागले. तिथले ग्रंथालय मोठे, गाण्याचे मास्तर उत्तम. आमच्याकडे मुले थोडी, म्हणून लक्ष जास्त, पण नळ गळतो.

"सर, तुम्ही मुलं न्यायला आलात की तिकडे पोचवायला?"

"खोटं सांगून नेलेलं मूल रोज समोर बसतं. त्याच्याकडे बघायचं कसं?"

इकडे तिच्या मुलीने माझे पायडल उलटे फिरवून चेन पाडली होती. सर रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी काडीने चेन कशी चढवायची ते दाखवले. तिसऱ्या खेपेला तिला जमले. काळे हात तिने फ्रॉकला पुसले, तशी आईने कपाळाला हात लावला.

"तो नळ अजून कुणी दुरुस्त नाही केला?" मुलीने विचारले.

"नाही."

"मग आई, मला तिथेच घाल."

आईने हसत शिलाई मशीनवर प्रवेशाचा कागद ठेवून सही केली.

आता नळ गळत नाही. म्हणजे, कमी गळतो. रविवारी तेल घालायला ती मुलगी येते, आणि माझी घंटी ऐकून सर जिना उतरतात.

मित्रांनो, तुमच्या घरी चादरीखाली कुणी उभे असेल, तर चादर काढा. आधी घंटी वाजवून पाहा.