लेओकादियाचा ताप

साथीच्या त्या वर्षी आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांचे होते आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांचे. रविवार कोणाचाच नव्हता. ज्याचा वार त्याने बाजारहाटाला बाहेर पडायचं, तेही ओळखपत्राच्या आकड्यावरून ठरलेल्या वेळेतच; बाकी दिवस कडी लावून घरात. युका आणि न्यामे हे दोन वेगळे कंद आहेत, हा शोध आमच्या आग्वादुल्से गावातल्या कित्येक नवऱ्यांना तेव्हा लागला. नवऱ्याने चुकीचा कंद आणला की बायको तोंडाचा पट्टा सोडायची, पण बदलून आणायला त्याचा पुढचा वार दोन दिवसांनी यायचा.

मला सगळे वार सारखेच. मी एनेरेइदा, नर्स. तेवीस वर्षं हेच करतेय. साथ आली आणि मी घरातून अंगणात आले. घरात माझी दिग्ना मावशी. वय अठ्ठ्याहत्तर, दमा जुना आणि जीभ त्याहून जुनी. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. माझ्यामुळे तिला काही व्हायला नको म्हणून मी मागच्या धुण्याच्या खोलीत खाट टाकली. संध्याकाळी सहाला आंघोळ करून मी खिडकीपासून चार हात लांब स्टूल ठेवून बसायची. मावशी गजांच्या आत, आपल्या डुलत्या खुर्चीत. बाहेरच्या टेबलावर माझं ताट झाकलेलं असायचं. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हातारीला तुरुंगात टाकलंय आणि मी भेटायला आलेय. मावशीचं मत उलटं होतं.

"तुरुंगात तू आहेस, पोरी. मी टीव्ही बघतेय."

टीव्हीचं असं होतं, की नव्या मालिकांचं शूटिंग बंद पडलं होतं, त्यामुळे जुन्या मालिका पुन्हा दाखवत होते. दुपारी एकला 'मिठागराची राणी' लागायची. पंचवीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा लागली तेव्हा अख्खा देश तिच्यापायी करपलेला भात खात होता. मी तेवढी कोरडी राहिले. तेव्हा मी राजधानीत नर्सिंग शिकत होते आणि आमच्या वसतिगृहाच्या बाई टीव्हीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालायच्या. म्हणजे लेओकादियाला तिचं मिठागर परत मिळतं का, तो हलकट ब्राउलियो तोंडावर आपटतो का, हे देशातल्या बायकांत फक्त मला माहीत नव्हतं. दुपारी एकला मी वॉर्डात. म्हणून रोजचा भाग मावशी संध्याकाळी सांगायची, आवाज बदलून, हातवारे करून. दिवसातला तेवढाच तास मी माझ्यात नसायची. मला तो हवा होता.

वॉर्डात मी सगळ्यांना दम देऊन ठेवला होता, "मला कोणी शेवट सांगितला तर बघून घेईन." यारिसेल, माझ्या हाताखालची पोरगी, त्याच मालिकेवर वाढलेली. तिने ओठ शिवून घेतले.

आमच्या वॉर्डात पालथं झोपवायचं काम सगळ्यात कठीण. औषधं द्यायला वेळ लागत नाही. माणसाला पोटावर वळवून तासन्‌तास तसंच राहायला लावायचं, त्यात नाकी नऊ येतात. फुप्फुसं तशीच उघडतात, पण हे पटणार कोणाला? पाच नंबरच्या खाटेवरचे एवारिस्तोकाका तर अडूनच बसले होते. चाळीस वर्षं उसाचा ट्रक चालवलेला माणूस.

"सिस्टर, पालथं झोपतं ते तान्हं बाळ नाहीतर दारुडा. मी दोन्ही नाही."

"दुसऱ्याबद्दल तुमच्या ओतिलियाकाकूंना विचारू का?"

"तिला कशाला मध्ये आणता?"

शेवटी मी त्यांना लालूच दाखवली. पालथे झालात तर काल लेओकादियाचं काय झालं ते सांगेन. काका म्हणाले, असल्या मालिका रिकामटेकड्यांसाठी असतात, बायकोला चाळीस वर्षं हेच ऐकवत आलोय. आणि वळले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून मावशीकडून ऐकलेला भाग सांगितला. दुसऱ्या दिवशी बाकीचे पाचही जण, काकांसारखेच मालिका न बघितलेले, माझी वाट बघत होते. मास्कच्या आतून कोणीतरी म्हणायचं, "ब्राउलियो... मेला का?" अजून नाही, म्हणायची मी, तुम्ही वळा आधी.

गेले तीन आठवडे मालिका तर फारच रंगली होती. लेओकादिया पळून मठात गेली आणि तिथल्या भटारखान्यात पाव भाजू लागली. ब्राउलियोने लपवलेलं मृत्युपत्र शेळीने खाल्लं. ब्राउलियोला मूळव्याध झाली. मालिकेतल्या खलनायकाला मूळव्याध होते हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. त्याची मोलकरीण वाटीभर साखर उसनी नेऊन परत द्यायची नाही, थेट आमच्या शेजारच्या चाबेलासारखी. तेही खटकलं नाही. दमलेल्या माणसाला सगळं खरं वाटतं.

मग तो शुक्रवार आला. दुपारी तीनला वॉर्डाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी एकेकाला घरच्यांशी बोलायला देत होते. एरवी काका-काकूंचं बोलणं कोंबड्या, गोळ्या आणि गळकं छप्पर यांवर दोन मिनिटांत आटपायचं. त्या दिवशी काकू पडद्यावर आल्या त्या हुंदके देतच.

"अहो, संपलं हो सगळं!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. "काय संपलं? डॉक्टर काय म्हणाले तुला? मला इथे कोणी काही बोललं नाही!"

"डॉक्टर कुठे मध्ये आले? लेओकादिया गेली! तीन आठवडे तापाने फणफणत होती बिचारी. आज गेली."

काकांनी फोन छातीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, काल लेओकादिया काय करत होती?"

"पाव भाजत होती," मी म्हणाले. "मठात."

"ती तीन आठवडे अंथरुणात होती. आणि आज मेली."

मला आधी हसूच आलं. मग मी यारिसेलकडे बघितलं. ती फरशी न्याहाळत होती.

"यारिसेल?"

"तुम्हीच म्हणालात ना, ताई, शेवट सांगितला तर बघून घेईन."

काका तोवर उठून बसले होते. धापा टाकत, एकेक शब्द तोडत ते म्हणाले, "म्हणजे गोष्ट खोटी. मग रोज सकाळी 'सुधारतंय, काका' म्हणता, ते कुठल्या मावशीने सांगितलं?"

बोटाच्या चिमट्याने मोजलेला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा पडदा आम्ही रुग्णाकडे पाठ करून ठेवायचो, उगाच घाबरू नये म्हणून. आणि त्या आठवड्यात दोन सकाळी आकडा घसरला होता तरी मी सुधारतंय म्हणाले होते. मला वाटलं, त्यात काय बिघडलं, तेवढाच धीर.

काका पुन्हा पालथे व्हायला तयार होईनात. "खोटारड्यांच्या हातात मी पाठ देणार नाही," म्हणाले आणि मांडी घालून बसले. आकडा एक्क्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला, मग पंच्याऐंशीवर. डॉक्टर येऊन बघून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, तासाभर बघू, नाहीतर घशात श्वासाची नळी घालावी लागेल. आमच्या वॉर्डात ज्यांना नळी घातली, त्यांतल्या फार थोड्यांचा आवाज मी पुन्हा ऐकला होता. काकांचं हे बसणं माझ्यामुळे होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी वॉर्डाच्या फोनवरून घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

भलत्या वेळी फोन वाजला की मावशी 'हॅलो' म्हणत नाही.

"कोण गेलं?"

"लेओकादिया," मी म्हणाले.

पलीकडे खुर्चीची करकर थांबली. "कोणी सांगितलं? त्या यारिसेलने?"

"मी नाही, आजी!" यारिसेल ओरडली.

"मावशी, तीन आठवडे तू मला काहीही सांगत होतीस?"

"काहीही काय? चांगलं सांगत होते. पाव आवडला नाही का तुला?" मग तिचा आवाज खाली आला. "अगं, तिला ताप चढला तो भाग बघितला आणि मला पुढचं सगळं आठवलं. तू दिवसभर माणसं जाताना बघतेस. संध्याकाळी तुझ्या ताटावर आणखी एक कशाला मारू? आणि ती जाते कशी, माहितेय? एकटी. दाराला बाहेरून कडी, आत कोणी नाही. ते मला तुझ्यासमोर बोलवेना."

काका फोनकडे वाकले.

"बाई, गोष्टीत खोटं बोललात ते बोललात. पण तुमची भाची मला आकडा खोटा सांगते का, तेवढं सांगा."

"ते मला काय विचारता? तिलाच विचारा. लहानपणापासून खोटं बोलताना तिला समोरच्याच्या डोळ्यांत बघता येत नाही. आणि त्या सगळ्या अवतारात तुम्हाला तिचे डोळेच तेवढे दिसत असतील ना? बघा मग."

मी काकांच्या डोळ्यांत बघितलं. "दोन दिवस खोटं बोलले, काका. मंगळवारी आणि काल. सुधारत नव्हतं. आज तर वाईट आहे. पालथे झालात तर चढेल असं मला वाटतं. नक्की चढेल असं नाही म्हणत."

आणि मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. चौऱ्याऐंशी.

ते बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील. ते चिडले.

"अहो, हे आधी दाखवायला काय झालं होतं? टाकीचा काटा झाकून ट्रक चालवतं का कोणी?"

कुरकुरत, शिव्या घालत ते स्वतःच वळले. मान पडद्याकडे ठेवून आकड्यावर नजर रोखून पडले, रस्त्यावर ठेवावी तशी. शहाऐंशी झाला. बराच वेळ शहाऐंशीच राहिला. मग एकोणनव्वद. पाऊण तासाने ब्याण्णव झाला तेव्हा यारिसेल भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि काका फोनला विचारत होते, "बाई, त्या ब्राउलियोच्या मूळव्याधीचं पुढे काय झालं?"

"ऑपरेशन," मावशी म्हणाली. "आणि भूल देणारा सुट्टीवर."

काका पंधरा दिवसांनी चालत घरी गेले, हे आत्ताच सांगून टाकते. तुमचा जीव टांगणीला नको. गेले तेही बायकांच्या वारी, त्यामुळे रस्त्यात पोलिसाने अडवलंच, आणि ओतिलियाकाकूंनी पोलिसाला असं फैलावर घेतलं की त्याने स्वतः ट्रॅफिक थांबवून दिला.

पण त्या शुक्रवारची संध्याकाळ राहिली. सहाला मी स्टुलावर बसले. मावशीवर रागवायचं असं ठरवून आले होते, आणि सुरुवातही केली. वॉर्डात माझी काय शोभा झाली, यारिसेल कशी हसली असेल, सगळं. मावशीने ऐकून घेतलं.

"झालं? मी तीन आठवडे खोटं बोलले. आणि तू? मी रोज विचारते, आज कसं होतं? तू म्हणतेस, ठीक. तीन महिने ठीक! मी म्हातारी आहे, बये, मठ्ठ नाही. आज कसं होतं?"

मी ताटाकडे बघितलं. कोंबडीचं सांकोचो, म्हणजे कंद घातलेला रस्सा होता, वर कोथिंबिरीसारखी कुलांत्रोची पानं.

"दोघे गेले," मी म्हणाले. "शेजारच्या वॉर्डातले, तेही माझ्याकडेच असतात. सिप्रियानोजवळ मी होते. त्याचा हात माझ्या हातात होता."

"आणि दुसरा?"

"बेलिसारियो. त्याच्याजवळ मी नव्हते. तोही माझाच होता, पण मी तेव्हा एवारिस्तोकाकांच्या खाटेपाशी अडकले होते. मी गेले तोवर..."

मावशी उठली, खुर्ची खिडकीच्या गजांना टेकेल इतकी पुढे ओढली. तिथे बसायला मी तिला सक्त मनाई केली होती.

"कसा होता तो?" तिने विचारलं. "बेलिसारियो. खरं सांग."

मग मी सांगितलं. आडदांड होता, पंचेचाळिशीचा, मिठागरात कामाला. इंजेक्शनला घाबरायचा आणि सुई टोचली की त्याची माफी मागायची मला सवय लावली होती. धाकट्या मुलीचं नाव घ्यायचा. त्या दिवशी सकाळीच त्याने मला विचारलं होतं, दुपारी येशील ना, आणि मी त्याच्याकडे न बघता हो म्हणाले होते. मी बोलत राहिले. ताट निवून गेलं, सांकोचोवर साय धरली, तरी तिने जेव म्हटलं नाही.